आतोबांचे तांबडे गोल

जगात नेमबाज पुष्कळ असतील. पण अचूक नेम असूनही उभं आयुष्य न मारण्याचाच अभ्यास करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा होता. आम्ही भाचेमंडळी त्यांना आतोबा म्हणायचो. लष्कराच्या तोफखान्यात त्यांची वीस वर्षं गेली. तोफ डागणारे मागे कुठेतरी लांब. आतोबा पुढे जाऊन, टेकाडावर पालथे पडून, दुर्बिणीतून गोळा कुठे टाकायचा ते कळवायचे. निवृत्त झाल्यावर खालापूरजवळच्या आमच्या गावात घर बांधून राहिले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी गावालाच टेकाडावरून पाहिलं.

गावात कुणी पत्ता विचारला की आतोबा हात ताठ पुढे करून बोटं मोजायचे. "रसायनीच्या कारखान्याची चिमणी दिसती? तिच्यापास्नं दोन बोटं डावीकडं, तिथं तलाठ्याचं घर." नवीन लग्न होऊन आलेल्या माझ्या वहिनीला त्यांनी विहीर अशीच सांगितली होती, माथेरानच्या टोकापासून चार बोटं उजवीकडे. बिचारी घागर कमरेवर घेऊन, दुसरा हात लांब करून भर उन्हात उभी होती, आणि बोटं नाजूक असल्यामुळे पोचली भलत्याच शेतात. आतोबांनी ती चूक स्वतःकडे घेतली. "पोरीची बोटं मोजायला पायजे व्हती," म्हणाले.

चहातल्या साखरेचंही तेच. पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे, दुसरा अलीकडे, मग मधोमध, हा तोफखान्याचा कायदा. त्यामुळे आत्याला पहिला कप फार गोड, दुसरा अगोड आणि तिसरा बरोबर असा करावा लागे. एकदा ती वैतागून म्हणाली, "अवो, तिसराच पयला करू द्या की." आतोबा शांतपणे म्हणाले, "आजची पत्ती कालची नाय." पण खरा त्यांचा हट्ट शेवटच्या पायरीचा. काम झालं की जाऊन बघायचं. शेजाऱ्याच्या बैलाला औषध सांगितलं की दुसऱ्या दिवशी हे गोठ्यात हजर. शेजारी म्हणायचा, बैल बरा आहे, कशाला तंगडतोड करता? त्यावर उत्तर ठरलेलं: "टाकून जो बघाया जात नाय, तो तोफवाला नव्हं, फटाकेवाला."

त्यांच्या पडवीच्या भिंतीवर गावाचा एक मोठा नकाशा होता. स्वतः पावलं मोजून काढलेला. त्यात काही ठिकाणी तांबड्या पेन्सिलीने गोल काढले होते: शाळा, देऊळ, विहिरी, गरोदर बाईचं घर. एकदा पोलीसपाटील काही कामाने आले, त्यांनी तो पाहिला आणि त्यांची पाचावर धारण बसली, कारण त्यांच्याही घराला गोल होता. सुनेला दिवस गेले होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तोफवाला म्हातारा गाव उडवणार. दहा-बारा माणसं जाब विचारायला आली. आतोबांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मारायचं काय ते कुणीबी सांगंल. कशाला धक्का लागता कामा नये, ते आधी काढायचं. तांबडं म्हंजे हात लावायचा नाय." मग एकेकजण उठून नकाशात आपलं घर शोधू लागला, आणि गोल नसला की रुसू लागला. आमच्या सख्ख्या काकाने तर गोठ्यासाठी वेगळा गोल मागून घेतला.

आम्ही हसायचो. मीही हसायचो, त्या नवरात्रातल्या पहाटेपर्यंत.

त्या साली रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. आठ दिवसांत आमचं निम्मं भात लोळवलं होतं आणि उरलेलं गेलं असतं तर वर्षाचा तांदूळ गेला असता. घरी पीकराखणीच्या परवान्याची बंदूक होती. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून ती माझ्या हातात. डुकरं उठवायला माणसं डोंगराकडून हाकारे घालत खाली येत होती, मी बांधाशी बसलो होतो, शेजारी बाबा, मागे आतोबा. समोर ओढ्याकाठचं पुरुषभर गवत हललं. मी चाप चाचपला.

"काय दिसतंय?" आतोबा कानाशी म्हणाले.

"गवत हलतंय. डुक्कर असणार."

"असणार नको. हाय का नाय?"

"अरे, मार की," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "दाजी, पीक चाललंय माझं."

गवत पुन्हा हललं, ह्या खेपेला जोरात. माझं बोट चापावर गेलं, आणि आतोबांनी पुढे होऊन आपला पंजा बंदुकीच्या तोंडावर ठेवला. दाबून ठेवला. माणसाचा हात इतका स्थिर असू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एवढ्यात गवतातून एक डोकं वर आलं. डोंगरातल्या वाडीवरची एक बाई, हातात चिंबोऱ्यांची, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांची टोपली. मी बंदूक झटकन खाली घातली. तिने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चिंबोऱ्या घेता का, बाबांनू?"

आणि डुक्कर होतंच. ते दुसऱ्या अंगाने निघालं आणि आमच्या पिकल्या भातातून चालत गेलं. त्या वर्षी घरचा तांदूळ होळीपर्यंतही पुरला नाही. बाबा आतोबांशी महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच जाऊन त्यांचा तिसरा कप प्यायले.

ती बाई गेल्यावर आतोबा बांधावर बसले. विडी तोंडात धरून त्यांनी काडेपेटी माझ्याकडे दिली. मी काडी ओढून दिली. "वाडीवरची मानसं पहाटं कुठं जात्यात ते म्या कंदी इचारलंच नाय," ते म्हणाले. "नकाशात ती जागा कोरी व्हती. कोरी म्हंजे रिकामी नव्हं रं. लढाईत एकदा अशीच कोरी जागा रिकामी धरून गोळा टाकाया सांगितला व्हता."

"मग?"

"मग बघाया गेलो."

विडी संपली तसे ते उठून घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा रोज संध्याकाळी वाडीच्या पायवाटेवर जाऊन उभे राहू लागले. ऊन असो, पाऊस असो, पुढची नऊ वर्षं. त्या पहाटे बंदूक तिच्यावरच रोखली होती, हे त्या बाईला आम्ही कुणीच सांगितलं नाही. आतोबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात ती चिंबोऱ्या घेऊन आमच्या दारी आली आणि टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "तुमचा म्हातारा दिसत नाय वाटंवर."

मी सांगितलं, वारले म्हणून. ती पायरीवर बसली.

"लय कटकट्या व्हता," ती म्हणाली. "रोज इचारायचा, उद्या कुठं जानार हायस गं? मी म्हनायची, तुला काय करायचं रं? पन इचारायचाच." तिने चिंबोऱ्यांवरचा पाला सारखा केला. "आता कोन इचारत नाय."