सरकीचं पोतं आणि ब्रेकचं पेडल

शहाद्याहून नंदुरबारला जाताना तापी ओलांडावी लागे. नदीला पाणी असलं की गाडी तराफ्यावर चढवायची, आणि तराफा येईपर्यंत काठाच्या उतारावर थांबायचं. आमच्या गाडीच्या हातब्रेकची तार महायुद्धाच्या दिवसांत तुटली, नवी नंतरही मिळाली नव्हती. म्हणून ड्रायव्हरचाचा पायानं ब्रेक दाबून बसत आणि नावाडी सवडीनं येऊन चाकांपुढे दगड लावी.

त्या दिवशी दगड लागण्याआधीच गाडी हलली. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. पुढची चाकं पाण्यात गेली तेव्हा चाचांनी पाय उचलून पुन्हा जोरानं दाबला आणि गाडी थांबली. आईला गाडी लागत असे. ती मागे डोळे मिटून बसली होती, तिला काही कळलं नाही. पुढे बसलेल्या वडिलांना मात्र कळलं.

वडील डॉक्टर होते आणि तपासल्याशिवाय निदान करत नसत. घरी आल्यावर त्यांनी चारही चाकांच्या आतून बोट फिरवून पाहिलं. कुठे तेलाची ओल नव्हती. ब्रेकच्या तेलाची टाकी भरलेली होती. मग ते बूट घालून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पेडल दोन-तीनदा दणक्यात दाबलं. ते दगडासारखं उभं राहिलं.

“गाडीत दोष नाही,” ते खाली उतरून म्हणाले. चाचांच्या पायाकडे त्यांनी पाहिलं नाही, पण मी पाहिलं, आणि चाचांनीही.

संध्याकाळी वडील आईला सांगत होते, की चाचांचं वय झालं, पाय कापतो, महिनाअखेरीस नंदुरबारहून कुणीतरी तरुण माणूस आणू. चाचा माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होते. गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातून चालत येत आणि दिवसभर गाडीशी असत. गाडीवाचून ते कुठे बसतील, काय करतील, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना.

मी तेव्हा नाशिकच्या इंग्रजी शाळेतून शिक्षण संपवून घरी आले होते. गावातली अहिराणी मला समजे, पण बोलायला तोंड उघडत नसे. त्यामुळे मी बहुतेक वेळ नुसती बघत असे. चाचांचे पाय मी मागच्या सीटवरून वर्षानुवर्षं पाहिले होते. आई गाडीत असली की ते चप्पल काढून ठेवत आणि ब्रेक इतका हळू दाबत, की आईच्या मांडीवरच्या तांब्यातलं पाणी हलत नसे. वडिलांनी तो बूट घालून दणक्यात दाबला होता. हा फरक माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील दवाखान्यात असताना मी गाडीजवळ गेले. चाचा काच पुसत होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “ताई, मन्हा पायमा दम नही ऱ्हायना.” आपल्याच पायात दम राहिला नाही, असं ते मानून बसले होते. मी म्हटलं, मला एकदा तुमच्या जागेवर बसू द्या. आमच्या घरातली कुठलीच बाई त्या जागेवर कधी बसली नव्हती. त्यांनी आधी फाटकाकडे पाहिलं, मग दार उघडलं.

मी चपला काढून पेडल नुसत्या चवड्यानं दाबलं. ते थोडं खाली गेलं आणि थांबलं. मी तशीच धरून राहिले. आणि मग, ओल्या काळ्या मातीत पाय रुतावा तसं, ते माझ्या पायाखालून आपलं आपण खाली जाऊ लागलं. जोरात दाबलं की घट्ट उभं. हळू दाबलं की बुडणारं. माझा पाय तर म्हातारा नव्हता.

पण वडिलांना माझ्या पायाचं सांगून काय उपयोग? ते म्हणाले असते, तुला सवय नाही. ज्याला वयही नाही आणि सवयही नाही, असं काहीतरी पेडलवर ठेवायला हवं होतं. मी कोठीतून ज्वारीचं लहान पोतं ओढू लागले, तर आईनं दारातच अडवलं. पाय लागतो त्या जागी अन्न ठेवायचं नाही. चाचांनीही मान हलवली, आपण हात लावणार नाही म्हणाले. शेवटी गोठ्यातली सरकी चालेल असं ठरलं.

“गाडीले सरकी चारी ऱ्हायनी का, ताई?” चाचा म्हणाले. कालपासून ते पहिल्यांदाच हसले.

वडील आले तेव्हा पोतं पेडलवर टेकवलेलं होतं. मी फक्त दार उघडं धरलं. ते आधी रागावल्यासारखे दिसले. मग वाकले. मग धोतर सावरून गुडघ्यांवर बसले. पोतं हळूहळू खाली जात होतं. पेडल तळाला टेकेपर्यंत आम्ही सगळे तसेच पाहत राहिलो.

“तेल बाहेर येत नाही,” मी म्हटलं, “मग जातं कुठे?”

वडील उठून घरात गेले आणि कान धुण्याची जुनी पिचकारी घेऊन आले, चामड्याच्या दट्ट्याची. तिच्यात पाणी भरून तोंड बोटानं बंद केलं. दट्ट्या जोरात दाबला, तो हलला नाही. हळू दाबला तेव्हा झिजलेल्या कडेवरून पाणी दट्ट्याच्या मागे आलं. “मागे जातं,” ते म्हणाले. “जोरात दाबलं की कड फुलून घट्ट बसते. म्हणून मला सापडलं नाही.” पिचकारी त्यांनी चाचांच्या हातात दिली. चाचांनी ती बराच वेळ दाबून पाहिली.

ब्रेकच्या दट्ट्याचा नवा रबरी वायसर सुरतेहून रेल्वेनं आला. चाचांनी पायाखालची फळी काढून ब्रेकचा सिलिंडर सोडवला. जुन्या वायसरची कड एका बाजूला नखाएवढी झिजली होती. सिलिंडर दवाखान्यातल्या स्पिरिटनं धुतला, नवा वायसर तेलात बुडवून बसवला. मग तेलाच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती. चाचा चाकापाशी आडवे, मी पेडलवर. ते ओरडत, “दाब,” आणि मी “दाबलं” म्हटल्याशिवाय ते चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू उघडत नसत. पहिल्यांदा माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या चाकापर्यंत शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या होत्या आणि मी ओरडत होते. स्क्रूला जोडून औषधाच्या बाटलीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे येत होते, ते मला उतरून पाहायचे होते. शेवटच्या चाकाला आईनं पेडलजवळ उभं राहून ते दाबायचं काम केलं आणि मी बुडबुडे पाहिले.

महिनाअखेरीस आम्ही पुन्हा तापीवर गेलो. नंदुरबारचा माणूस आणण्याचं पुन्हा कुणी बोललं नव्हतं. तराफा पलीकडे होता. सगळे नदीकडे बघत होते, मी चाचांच्या अनवाणी पायाकडे. तो जिथे थांबला तिथेच राहिला.

“आते मन्हा पाय मन्हाच शे,” ते आरशात माझ्याकडे बघून हळूच म्हणाले.

नावाडी दगड घेऊन आला. वडील म्हणाले, “राहू दे.” चाचा म्हणाले, हातब्रेक नाही अजून, लाव. त्यानं लावला.