नंबर सोललेल्या टेपा

आमच्या रुग्णालयाचे प्रशासक आधी एका हॉटेलचे व्यवस्थापक होते. रुग्णालयातही त्यांची नजर पडदे, फुलदाण्या आणि स्वागतकक्षातल्या मुलींच्या साड्यांवरच असायची. पाहुण्यांना दाखवण्याजोगं आणि न दाखवण्याजोगं, एवढे दोनच प्रकार त्यांच्या जगात होते. माझा संगणक विभाग दुसऱ्यात. तळमजल्यावर औषधांच्या गोदामामागे, एसीचं गळणारं पाणी बादलीत धरत मी बसायचे आणि माझ्या पाठीशी लोखंडी कपाटात दीडशेच्या आसपास टेपा असायच्या.

टेप म्हणजे तळहातावर मावणारी चौकोनी डबी, आत गुंडाळलेली लांबच लांब चुंबकी फीत. एकेका डबीत हजारो रुग्णांचे स्कॅन मावतात. दोन वर्षांपेक्षा जुने स्कॅन मी सर्व्हरवरून काढून टेपवर ठेवायचे. भरलेली टेप कपाटात ठेवली की तिला वीज लागत नाही, आणि ती यंत्रात नसल्यामुळे कुठल्या व्हायरसला तिच्यापर्यंत पोचताही येत नाही. हे मी साहेबांना दोनदा समजावलं होतं.

दोन्ही वेळा ते हसले. "अहो बाई, आमच्या लग्नाची कॅसेट पण पडलीय कपाटात. वाजवायला मशीन कुठाय?"

मग दर्जाचं प्रमाणपत्र देणारी समिती येणार असं ठरलं, आणि साहेबांच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, लिफ्टमध्ये बासरी वाजायला लागली. फेरी मारत ते माझ्या कपाटापाशी थांबले.

"ही काय चिकटपट्टी? नंबर, रेघा, मार्करनं लिहिलेलं. किराणा दुकान वाटतंय."

"सर, त्या नंबरावरूनच टेप सापडते."

"मला सगळं एकसारखं पाहिजे. आपल्या लोगोचे स्टिकर छापून आलेत. हे सोलून ते लावा."

"निदान आधी यादी करते. दोन दिवस द्या."

"समिती परवा येतीय. यादी नंतर करा."

मी सोलले. माझ्या हातांनी, नखांनी, एकेक करून. मनाशी म्हटलं, टेपा कपाटात क्रमानं लावलेल्याच आहेत, समिती गेली की मोजून परत नंबर घालू. आणि दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन येते तर साहेबांनी पाठवलेल्या दोघा सफाईवाल्यांनी सगळ्या टेपा खाली काढून कपाट पुसून घेतलेलं, आणि लोगो समोर येईल अशा बेतानं टेपा परत रचलेल्या. मिठाईच्या दुकानात बर्फी रचतात तशा. समितीतल्या एकानं कपाटाकडे बघून मान डोलावली. त्यात काय आहे, ते विचारलं नाही. प्रमाणपत्र मिळालं.

त्यानंतर यादीचं नाव साहेबांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. जुने स्कॅन मागायला सहसा कुणी येत नाही, हा माझा आधार. साहेबांना नावं ठेवताना हे मी सोयीनं विसरते.

काही महिन्यांनी छातीच्या डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. त्यांच्या मागे चंदगडकडची पन्नाशीची बाई आणि तिचा भाऊ. बाईच्या फुप्फुसात डाग दिसला होता. पाच वर्षांपूर्वी ती आमच्याकडेच स्कॅन करून गेली होती.

"जुना स्कॅन मिळाला तर डाग तेव्हाचाच आहे की नवा, ते कळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर सुई घालून तुकडा काढावा लागेल, आणि यांची फुप्फुसं आधीच कमजोर आहेत. मला ते टाळायचंय."

"फिलम व्हती की घरात," भाऊ म्हणाला. "पर आमच्याकडचा पाऊस! घर गळालं आन् समद्या फिलमा एकमेकीला चिकटल्या. सोडवाय गेलो तर फाटल्या."

मी संगणकावर शोधलं. उत्तर क्षणात आलं: टेप क्रमांक सत्तेचाळीस. कपाट उघडलं. दीडशे लोगो माझ्याकडे बघत होते.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाकला. "ह्या समद्या एकासारख्याच हायत की. वळखायची कशी?"

"नंबर होते. साहेबांनी काढायला लावले."

"आन् तुमी काढलासा?"

मी वरच्या कप्प्यातली एक टेप उचलून उलटसुलट करून बघितली.

"आमच्याकडं काजूच्या पोत्यावर बी नंबर घालत्यात ओ बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. खरंच नवल वाटलं होतं त्याला.

टेपेचा नंबर आत, फितीच्या सुरुवातीलाही नोंदलेला असतो, एवढंच नशीब. पण तो वाचायला एकेक टेप यंत्रात घालायची, यंत्र ती ओढून घेणार, वाचणार, परत बाहेर देणार. एकीला चार-पाच मिनिटं. बहीणभाऊ जवळच उचगावात नातेवाइकांकडे उतरले. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याहत्तर टेपा झाल्या. सत्तेचाळीस नव्हती. वाचलेल्या प्रत्येक टेपेवर मात्र मी मार्करनं, लोगोच्या डोक्यावरच, ठळक नंबर घातला.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळपासून माझ्या दारातल्या बाकावर येऊन बसली. भाऊ दर तासाला विचारायचा, "अक्का, च्या घेतीस?" ती मान हलवायची. यंत्र घरघरलं की माझ्याकडे बघायची. आवाज थांबला, मी पुढची टेप उचलली, की नजर खाली. एवढी शांत बाई. मला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी दीडच्या सुमाराला पडद्यावर सत्तेचाळीस आलं. स्कॅन परत यायला आणखी वीस मिनिटं लागली. एकही चित्र खराब नव्हतं. टेपेनं तिचं काम चोख केलं होतं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले. बराच वेळ बघितल्यावर त्या म्हणाल्या, "तोच डाग आहे. अजिबात वाढलेला नाही. जुन्या आजाराचा व्रण दिसतोय."

"मग सुई न्हाय?" बाईनं विचारलं.

"सुई नाही. सहा महिन्यांनी येऊन दाखवा."

बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि भावाला विचारलं, तीनची एसटी मिळंल का.

आठवड्यानं साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पाच वर्षांपूर्वीचा स्कॅन रुग्णालयानं कसा जपला, यावर ते पाऊण तास बोलले. त्यात "माझी दूरदृष्टी" नऊ वेळा आली. मी मोजत होते. डॉक्टरबाई मधेच उठून ओपीडीला गेल्या. शेवटी साहेबांनी स्वतःलाच शाल घालून घेतली आणि टाळ्या संपेपर्यंत ती सावरत राहिले.

मग खाली आले. "बाई, स्वागतकक्षात काचेच्या पेटीत एक टेप ठेवायचीय. चांगली दिसणारी द्या. त्या मार्करवाल्या नकोत."

मी खोक्यातली नवी, न वापरलेली टेप काढून दिली. ती त्यांना फार आवडली. खाली लाल मखमल आणि वर छोटा दिवा लावून त्यांनी ती ठेवली आहे, आणि पाहुणे आले की साहेब तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. ती कोरी आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.