ताईच्या रजेत

लातूरच्या बिडव्यांच्या घरात वर्षाचे ऋतू चार: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि ताईची रजा. चौथा सगळ्यात सोयीचा, कारण तो कधी येणार हे आधीपासून ठाऊक असायचं. दाढ काढायची आहे? ताईच्या रजेत. बारसं, साखरपुडा, आईचा मोतीबिंदू? ताईच्या रजेत. एका साली तर दिगूकाकांनी आपला हर्निया चार महिने सांभाळून ठेवला होता, कुसुम येईपर्यंत. घरची नर्स असताना दवाखान्यातल्या परक्या बायांच्या हाती कशाला जायचं, असा त्यांचा सवाल होता.

त्याच रजेत कुसुमला बघायला उदगीरचे पाहुणे यायचे होते. ते आले तेव्हा ती इस्पितळात काकांच्या उशाशी सलाईनचे थेंब बघत बसलेली. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. त्यानंतर त्या स्थळाचा विषय घरात कोणी काढला नाही, कुसुमनंही काढला नाही. पण ती विसरली असं कोणी समजू नये.

कुवेतला येऊन तिला तेवीस वर्षं झाली होती. राहायला अब्बासिया भागात, चौघींत मिळून एक फ्लॅट. पहाटे साडेपाचला खाली बस यायची, ती थेट इस्पितळाच्या दारात सोडायची. कुसुम डायलिसिसच्या वॉर्डात होती. तिथं माणूस एकदा मशीनला जोडला की चार तास हलायचं नाही, म्हणून समोरच्या भिंतीवर टीव्ही. आवाज बंद, चित्रं चालू. त्या टीव्हीवर कुसुमनं फुकटात सगळं जग पाहिलं होतं, तेही उभ्या उभ्या.

सहा नंबरच्या खाटेवर शनि-सोम-बुध उम्म जासिम असायची. कुवेतच्याच सलवा भागातली, सत्तरीची, जिभेनं तिखट. तिला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची मुभा होती, त्यामुळं टीव्हीवर नदी दिसली की ती डोळे मिटून घ्यायची. तिनं कुसुमला पहिल्या वर्षापासून एक नाव ठेवलं होतं: मिस्कीना. कुसुमला वाटलं, म्हातारी आपल्याला मिस्कील म्हणते. आपण एवढ्या मिस्कील आहोत हे आपल्याच लोकांना कसं कळलं नाही, म्हणून ती मनोमन सुखावली होती आणि म्हातारीकडं बघून लाजून हसायचीसुद्धा. सहा महिन्यांनी कोणीतरी सांगितलं की अरबीत मिस्कीन म्हणजे बिचारा, मिस्कीना म्हणजे बिचारी. तिला असा राग आला की त्या दिवशी तिनं म्हातारीला गुड मॉर्निंग केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी टीव्हीवर व्हिएतनामचा पाण्यावरचा बाजार दाखवला. पहाटेचा उजेड, नदीभर होड्या, आणि एक बाई आपल्या होडीतून दुसऱ्या होडीत अननस फेकतेय, एकामागून एक, आणि पलीकडचा माणूस ते झेलतोय. एकही पाण्यात पडत नव्हता. कुसुम हातातला कापूस तसाच धरून बघत राहिली.

"जायचंय तुला तिथं," उम्म जासिम म्हणाली. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"मला मेमध्ये घरी जायचंय. भावानं नवं घर बांधलंय."

घर भावानं बांधलं होतं म्हणजे गवंड्याशी भांडायला तो उभा होता. कमाई कुणाची हे वेगळं सांगायला नको.

"इजाजा कोणाची आहे? तुझी की तुझ्या भावाची?"

इजाजा म्हणजे रजा. कुसुम हातातला कापूस उगाच दुमडायला लागली. म्हातारीनं नळी लावलेला हात न हलवता मान वळवली आणि म्हणाली, "मिस्कीना."

तो शब्द तेवीस वर्षांत शेकडो वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी तो जिव्हारी लागला. संध्याकाळी बसमधून उतरून ती फ्लॅटवर गेलीच नाही. थेट कासमभाईंच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेली.

कासमभाई हर्णैचे. वीस वर्षं कुसुमचं तिकीट तेच काढत होते, आणि तिला बघताच त्यांनी सवयीनं कुवेत-हैदराबाद टाइप करायला घेतलं.

"थांबा. आधी व्हिएतनाम. सहा दिवस. तिथून पुढं हैदराबाद."

कासमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "सिस्टर, व्हिएतनामला तुमचं कोण आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर चाललेय."

"आणि काय बघणार?"

"होड्या. पहाटेच्या."

"होड्याच बघायच्या तर आमच्या हर्णैला जा. रोज येतात. मी भावाला सांगतो, जेवूनखाऊन परत पाठवेल."

"तिथं कुणीतरी आजारी निघेल," कुसुम म्हणाली, आणि कासमभाईंनी चष्मा खाली घेऊन व्हिएतनाम टाइप केलं.

भावाला, हरीशला, तिनं त्याच आठवड्यात सांगितलं. सहा दिवस मी फिरायला जाणार, मग घरी येणार, वास्तुशांती त्यानंतर धर. हरीश हो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला: वास्तुशांतीची तारीख ठरली. नेमकी त्या सहा दिवसांतली. कुसुमनं गुरुजींना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, दहा दिवसांनी आणखी चांगला मुहूर्त होता, पण हरीशरावांना मंगल कार्यालयवाल्याची तारीख सोयीची पडली.

"ताई, तुझं ते हिंडणं पुढं ढकल की," हरीश म्हणाला. "नदी काय कुठं पळून चाललीय का?"

"घर चाललंय का?"

मग हरीश म्हणाला, "बघ बाई. तुझ्या मनाला वाटंल ते कर." हे वाक्य आपल्याकडं कोणी म्हणालं की माणूस निमूटपणे दुसऱ्याच्या मनासारखं करतो. कुसुमनं पहिल्यांदाच त्याचा सरळ अर्थ घेतला.

तिला पोहता येत नव्हतं. औशाजवळच्या ज्या गावात ती वाढली तिथं पाणी टँकरनं यायचं आणि घागरीत मावेल एवढंच असायचं. कुवेतचा समुद्र तिनं पाहिला तो बसच्या काचेतून. त्यामुळं व्हिएतनामच्या कान थो शहराच्या धक्क्यावर, पहाटे पाचला, हलत्या होडीत पाय ठेवताना तिनं आजवर ज्यांना ज्यांना नवस बोलले होते त्या सगळ्या देवांची एकदम आठवण काढली. नारिंगी लाइफ जाकिटाच्या पट्ट्यांना दोन दोन गाठी मारल्या. होडी चालवणारी बाई तिच्याच वयाची, डोक्यावर शंकूसारखी टोपी, तोंडात पान. गाइड म्हणून आलेली मुलगी इंग्रजी बोलायची. होडीत आणखी कोणी नव्हतं.

अर्ध्या तासानं बाजार लागला. टीव्हीवर दाखवल्या होत्या त्याच्या निम्म्याही होड्या नव्हत्या. गाइड मुलगी ओशाळून म्हणाली की आता रस्ते झाले, पूल झाले, लोक ट्रकनं माल नेतात, बाजार दरवर्षी आटत चाललाय. कुसुम म्हणाली, असू दे, आहेत तेवढ्या बघते. आटत चाललेल्या पाण्यावर दिवस काढायची तिला लहानपणापासून सवय होती.

प्रत्येक मोठ्या होडीवर एक लांब बांबू उभा होता आणि त्याच्या टोकाला काहीबाही टांगलेलं. कुठं कोबी, कुठं रताळी, कुठं भोपळा. ओरडून ऐकू जात नाही, म्हणून होडीच्या पोटात जे असेल ते बांबूला टांगायचं. गिऱ्हाइकाला लांबूनच कळतं. एका होडीवर मात्र सदरा, विजार आणि एक फुलाफुलांचा झगा लटकत होता.

"कपडेही विकतात?"

"नाही," मुलगी हसली. "ते त्यांचे स्वतःचे. वाळत घातलेत. टांगलेलं सगळंच विकायला नसतं."

अननसाच्या होडीला होडी लागली. तिथल्या बाईनं सुरीचे चार हात मारून अननस सोलला, तिरक्या खाचा पाडून डोळे काढले आणि खालचं देठ कुसुमच्या हातात दिलं, कुल्फीची काडी धरावी तसं. अख्खा अननस. कुसुमला आयुष्यात अख्खं फळ एकटीनं खाल्लेलं आठवत नव्हतं. घरी फळ म्हणजे फोडी करून वाटायचं, आणि वाटणारीच्या हाती शेवटी कोय उरायची. तिनं पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

हरीश. लातुरात पावणेपाच वाजले असतील. पाच दहाला कलश आत न्यायचा मुहूर्त होता.

"ताई, ऐक. सगळे जमलेत. मावशी सारखी तुला इचारायलीय. मी सांगितलंय की तुला यंदा रजाच मिळाली नाही, नाईट ड्यूटीवर आहेस म्हणून. दोन मिनटांत व्हिडिओ लावतो. भिंतीपाशी उभी राह अन् मागचं काही दिसू देऊ नको. दोन शब्द बोल, बास."

"हरीश, मी होडीत आहे. भिंत कुठून आणू?"

"कायतरी कर ना. लोक काय म्हणतेल? घराची वास्तुशांती सोडून बहीण हिंडायलीय?" फोन बंद झाला.

रजाच मिळाली नाही. दिगूकाकांच्या हर्नियाला मिळाली, वहिनीच्या दोन्ही बाळंतपणांना मिळाली, एका साली तर पाहुण्यांची भांडी घासायलासुद्धा मिळाली. आणि पहिल्यांदा स्वतःसाठी घेतली तर ती मिळालीच नव्हती.

गाइड मुलीला भाषा कळली नाही, पण तोंड वाचता आलं. तिनं विचारलं, कुसुमनं सांगितलं. मुलगी चटपटीत होती. तिनं होडीवालीला काहीतरी म्हटलं आणि दोघींनी मिळून सामानावरची निळी ताडपत्री काढून कुसुमच्या मागं पडद्यासारखी धरली. झाली भिंत. इस्पितळाचा पडदाही असाच निळा असतो. रात्रपाळीत हा सकाळचा उजेड कुठला, हे मावशीला कळलं नसतं, आणि ज्यांना कळलं असतं ते बोलले नसते. तेवीस वर्षं सगळं असंच निभावून गेलं होतं, आजचंही गेलं असतं.

फोन वाजायला लागला. कुसुमनं मागं वळून ताडपत्रीकडं बघितलं, तिच्यावरून डोकावणाऱ्या, कपडे वाळत घातलेल्या बांबूकडं बघितलं.

"खाली ठेवा ते," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, आणि दोघींनी ताडपत्री खाली ठेवली.

पडद्यावर आधी मावशीचं कपाळ आलं, मग एक डोळा. मागं रांगेनं सगळे, नव्या कोऱ्या कपड्यांत.

"कुसे, डूटीवर हायेस म्हणं? तेवढी बी रजा देत नाहीत व्हय मेले?"

"नाही मावशी. रजेवर आहे. मागितली, मिळाली. ह्या खेपेला मी ती माझ्यासाठी घेतली."

हरीश कडेला उभा होता, त्याच्या हातातला कलश दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. कुसुमनं फोन उलटा फिरवला. नदी दाखवली, होड्या दाखवल्या, अर्धा खाल्लेला अननस दाखवला. होडी हलत होती, त्यामुळं लातूरकरांना बाजार जरा जास्तच हलताना दिसला असणार.

"अन् ते काठीला काय टांगलंय?" मावशीनं विचारलं.

"जे विकायचंय ते टांगतेत, मावशी."

"मग ती कापडं बी विकायची का?"

"नाही. ती त्यांची हायेत. बाहेर टांगली म्हणून काय विकायची नसतेत."

"बरोबर हाय," मावशी म्हणाली. "एकटीच हायेस?"

"एकटीच."

"जाकीट सोडू नको बाई." मग हरीशचा हात आला, मुहूर्त टळायलाय एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. कुसुमला भीती वाटत होती. आता घरी काय वाट्याला येणार याची चांगलीच भीती वाटत होती, आणि तरी तिनं उरलेला अननस बुडापर्यंत खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला तो तिनं नदीतच धुतला, होडीतून वाकून.

ठरल्याप्रमाणं ती लातूरला गेली. हरीश दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं न बोलताच ब्लड प्रेशर बघायला हात पुढं केला. तिनं बघितलं, जास्त होतं, मीठ कमी कर म्हणून सांगितलं. होडीचा विषय कोणी काढला नाही. फक्त मावशी रोज दुपारी हळूच म्हणायची, तो बाजार दाव बरं पुन्हा.

जूनमध्ये ती कुवेतला परत आली तेव्हा बाहेर धूळ उडत होती. बुधवारी सहा नंबरला मशीन लावून झालं आणि ती उम्म जासिमला फोनमधले होड्यांचे फोटो दाखवत होती, तेवढ्यात हरीशचा निरोप आला. दिगूकाकांचा गुडघा फार दुखतोय. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. पुढच्या साली ताईच्या रजेत करू म्हणतोय, तारीख कळव.

कुसुमनं दोनदा वाचलं आणि लिहिलं: "गुडघा आत्ता दुखायलाय तर आत्ताच करा. चांगला डॉक्टर मी शोधून देते, रोज फोन करते. रजा माझी आहे." पाठवताना तिला हसू आलं.

म्हातारीचं लक्ष होतंच. "कोणाला लिहिलंस एवढं?"

"भावाला."

उम्म जासिमनं कुसुमचं तोंड नीट निरखून बघितलं, उशीवर मान टेकली आणि डोळे मिटत म्हणाली, "मिस्कीन."

बिचारा. ह्या वेळी कुसुमला अर्थ बरोबर कळला होता.