काच वाढली

जेवायच्या वेळी बायकोनं ‘वाढू का?’ असं विचारलं की मी चिडतो. आता ती ‘ताट करू का’ म्हणते आणि पाहुण्यांसमोर माझी थट्टा करते, की यांना शब्दसुद्धा बाधतात. करू दे थट्टा. खरं कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नशिराबादजवळच्या एका तेलाच्या कारखान्यात वायरमन होतो. सरकीच्या पेंडीत उरलंसुरलं तेल तिथे हेक्झेननं काढायचे. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. त्याची वाफ हवेहून जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून त्या शेडमध्ये बिडीकाडी बंद, आणि दिवे सगळे फ्लेमप्रूफ. ओतीव धातूचं जडशीळ भांडं, जाड काच, वर जाळी, कडेनं बोल्ट. आत ठिणगी उडाली तरी बाहेर यायची नाही, अशी बनावट. पण काच धड असेल तरच. तडा गेला की तो साधा बल्ब समजायचा. हे सगळ्यांना मीच शिकवायचो, छाती फुगवून.

शेड झाडायला एक अक्का होती, शिंदखेड्याकडची. तिचा नवरा त्याच शेडमध्ये पंपावर. सुट्टीत दोघं निंबाखाली जेवायला बसायची. ती भाकरी द्यायची, तो तिची अर्धी मोडून परत तिच्याच पुढ्यात सरकवायचा. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. मी शनिवारीच दिवे तपासायचो, म्हणून अक्काला बजावून ठेवलं होतं, की मधल्या वारी कुठल्या काचेला केसाएवढा तडा दिसला तरी मला येऊन सांग.

आणि तिनं येऊन सांगितलं हो. मंगळवार होता, वैशाखातली दुपार. मी वर्कशॉपमध्ये जळकी मोटार खोलून बसलेलो, डोकं तापलेलं, शेजारी ग्राइंडर किंचाळत होता. अक्का दारात उभी राहिली, हातात खराटा.

“भाऊ, काच वाढनी शे.”

आमच्याकडे बायका बांगडी फुटली म्हणत नाहीत. तो शब्द अभद्र. बांगडी वाढली, असंच म्हणायचं. मला वाटलं, कामात अक्काच्या हातातली काचेची बांगडी गेली. मी वर न बघताच हसून म्हणालो, दुसरी भरू की, त्यात काय एवढं, नवऱ्याला सांग. ती बरं म्हणून गेली.

तिनं खरंच नवऱ्याला सांगितलं. वायरमनच्या कानावर घातलंय, तो दुसरी काच बसवणार आहे. मग तोही निश्चिंत झाला.

पंप खड्ड्यात होता. तिथे भर दुपारीही अंधार, त्यामुळे तिथला तो तडा गेलेला दिवा कायम चालू. बुधवारी तिसऱ्या प्रहरी पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, हेक्झेन गळायला लागलं. मी अंगणात होतो. आवाज फार मोठा झाला नाही. रॉकेल जास्त झालेला स्टोव्ह भडकतो तसा, भप्प. अक्काचा नवरा खड्ड्यातून आपल्या पायांनी चालत वर आला, हे मला अजून दिसतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला.

चौकशीला साहेब आले. त्यांनी मला विचारलं, काचेला तडा होता, हे तुला कुणी कळवलं होतं का? मी म्हणालो, नाही साहेब. शब्दाला शब्द लावला तर खरंच होतं ते. तडा हा शब्द माझ्याकडे आलाच नव्हता. पण मला एक सांगा, बांगडी फुटली म्हणून कुठली बाई काम टाकून, एवढं अंगण ओलांडून, वायरमनला सांगायला येईल? एवढं मला कळू नये? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला शब्द मिळाला होता, शहाणपण कुठून आणू.

मग अक्काला बोलावलं. मनगटं मोकळी होती. माझं ‘नाही’ तिनं दाराबाहेरून ऐकलं होतं, आणि त्यावरून तिनं काय घडलं ते ओळखलं होतं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. साहेबांकडे बघून म्हणाली,

“फुटनी म्हणाले पाहिजे व्हतं माले. मी वाढनी म्हणं. चूक मनी शे, साहेब.”

धनी ज्या दिव्याखाली उभा राहतो, तो फुटला असं तोंडातून कसं काढू, असं तिला वाटलं होतं. साहेब बाहेरचे, त्यांना यातलं काही उमगलं नाही. त्यांनी ‘कळवण्यात चूक’ असं लिहून घेतलं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. भेकडासारखा.

पुढे ती यावलजवळ भावाकडे राहायला गेली, केळीच्या बागेत कामाला जायची. मी नोकरी सोडली, पण तो दारातला आवाज काही सुटला नाही. शिडीवर असलो की हमखास पाठीमागून यायचा. सात-आठ वर्षांनी एकदा मनाचा हिय्या केला आणि यावलची बस धरली. ठरवून गेलो होतो, की सांगायचं, अक्का, चूक तुझी नव्हती, तू आली होतीस, मी मान वर केली नाही.

तिनं ओळखलं. पाणी दिलं, चहा दिला. भाच्याच्या हातून कप निसटला, तर ती तिथूनच म्हणाली, फुटना. सरळ, स्पष्ट. आता सांगतो, मग सांगतो, करत दुपार झाली. तिनं पाट मांडला, ताट घेतलं.

“वाढू का, भाऊ?”

मी हो म्हणालो. कळण्याची भाकरी आणि भरीत, पोटभर जेवलो. अर्धी भाकरी तिनं आग्रहानं पुन्हा घातली. आणि काहीएक न सांगता चारच्या गाडीनं जळगावला परत आलो.