पहिली काच, दुसरी काच

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. सव्वीस वर्षं झाली. दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. एका टोकाला उंच पाठीची खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाची पेटी आणि तिच्यावर अक्षरांच्या ओळी, वरून खाली बारीक होत गेलेल्या. हाताशी काचांचा लाकडी ट्रे. त्यात दोनशेच्या वर काचा, आणि प्रत्येकीची खाच ठरलेली. एखादी काच चुकून शेजारच्या खाचेत गेली, तर आपल्या ताटातला घास कुणी उचलावा तसा धाकटीचा चेहरा होतो.

तिचं सगळं काम एका प्रश्नावर चालतं. डोळ्यासमोर एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" दिवसातून शे-दीडशे वेळा. एवढ्या साध्या प्रश्नानेही माणसं घामाघूम होतात. चुकीचं उत्तर दिलं तर आपल्याला नापास करतील अशी त्यांना भीती वाटते. एक गृहस्थ तर म्हणाले होते, "मॅडम, तुम्हाला कुठली बरी वाटते? तीच लिहा." धाकटी अशा माणसाला कधी हसत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

मी थोरली. शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लहानपणी आमची ओळख करून देताना मोठी माणसं म्हणायची, "ही थोरली, फार हुशार. आणि ही धाकटी." धाकटीच्या पुढे काहीच नसायचं. मला तेव्हा ते अगदी रास्त वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, निवृत्त झाल्यावरही थोडं वाटत होतंच.

मग दुकान विकलं गेलं. नव्या मालकांची आणखी चार दुकानं. त्यांच्याकडे दूरदूरच्या देशांतून कामाला आलेली माणसं डोळे तपासायला येत, आणि त्यांच्याशी बोलायला इंग्रजीवाचून इलाज नव्हता. नवे मालक स्पष्ट बोलले: तपासणीच्या खोलीत जो बसेल त्याला अख्खी तपासणी इंग्रजीत घेता आली पाहिजे. महिन्याने ते स्वतः बसून बघणार. जमलं नाही, तर दुसऱ्या दुकानातून एक मुलगी येईल आणि धाकटीने बाहेर काउंटरवर फ्रेमा दाखवायच्या. पगार तोच.

"काउंटर काही वाईट नाही गं," धाकटी माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पण ती खोली माझी आहे, ताई."

शाळा सुटल्यापासून तिने इंग्रजीचं नाव माझ्यापुढे काढलं नव्हतं. मला कोण आनंद झाला! त्याच दिवशी वही आणली, रेघा मारल्या आणि क्रियापदांपासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिने पेन खाली ठेवलं.

"ताई, मला सगळी भाषा नकोय. दोन काचांतली कुठली जास्त, कुठली कमी, एवढंच मी दिवसभर विचारते. तेवढं शिकव."

मला जरा झोंबलं. पण बोलणं खरं होतं. मग आम्ही फक्त तुलनेची विशेषणं घेतली. आपल्याकडे 'पेक्षा' लावलं की काम भागतं, शब्दाला हात लावावा लागत नाही. इंग्रजीत शब्दालाच शेपूट लावायचं: क्लिअरचं क्लिअरर, शार्पचं शार्पर. कम्फर्टेबलसारख्या लांबलचक शब्दाला शेपूट पेलत नाही, म्हणून त्याच्या आधी मोअर. आणि दोन्ही एकदम कधीच नाही.

"मोअर बेटर म्हणालीस तर मी उठून जाईन," मी बजावलं.

"घर तुझं आहे. जाशील कुठे? पण गुडचं गुडर का नाही होत?"

"नाही होत."

"पण का?"

"नाही म्हणजे नाही. बेटर. आणि बॅडचं वर्स."

"शाळेतही तू मुलांना असंच सांगायचीस?"

सांगायचे. पण ते मी तिला कबूल केलं नाही.

मग तुलना कशाशी ते सांगायला 'दॅन' लागतं, हे मी तिला समजावत होते. ती मध्येच म्हणाली, "दोन्ही काचा त्याच्या डोळ्यासमोरच आहेत की. क्लिअरर म्हटलं की कशापेक्षा ते त्याला कळतंच." हेही बरोबर होतं. उलट तिने मला कामाला लावलं. नुसतं क्लिअरर तिला पुरेना. थोडंसंच बरं असेल तर? पुष्कळ बरं असेल तर? दोन्ही सारखंच असेल तर? मी वर्गात एकतीस वर्षं एका मुलाला दुसऱ्यापेक्षा उंच करत आले होते. तो नक्की किती उंच, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. 'अ लिटल क्लिअरर', 'मच क्लिअरर', 'अबाउट द सेम' हे तिने वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं आणि बसमध्ये पुटपुटत पाठ केलं.

एकदा मी तिला घरचा अभ्यास दिला: आपल्या माणसांवर दहा वाक्यं. पहिली चार माझ्यावर होती. ताई माझ्यापेक्षा उंच आहे. ताई माझ्यापेक्षा गोरी आहे. ताईचं अक्षर माझ्या अक्षरापेक्षा सुबक आहे. ताई माझ्यापेक्षा हुशार आहे. सगळी इंग्रजीत, एकही चूक नाही. तिने ती कुठल्याही रागाशिवाय लिहिली होती, एखाद्याने आपला पत्ता लिहावा तशी. मी लाल पेनाने चारही वाक्यांवर बरोबरच्या खुणा केल्या, आणि मग वही मिटून चहा टाकायला उठले, कारण तिच्याकडे बघवेना.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना ती म्हणाली, "मालक म्हणतात, बाहेरचं कुणीतरी पेशंट म्हणून आणा, इंग्रजीतच उत्तरं देणारं. तू येशील?"

"येईन की!" मी म्हणाले.

एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. माझ्या डाव्या डोळ्यापुढे तीन वर्षं धुकं होतं. वाढतच चाललं होतं. उजवा डोळा धड होता, त्यावर मी निभावून नेत होते. सांगायचं तर धाकटीला सांगायला हवं होतं, आणि तेच जड जात होतं. तिच्या खुर्चीत बसायचं आणि 'मला दिसत नाही' म्हणायचं, हे माझ्या जिभेवर येईना. शिवाय आता तिच्या परीक्षेचा प्रश्न होता. पेशंट अडखळला तर तीही अडखळेल. म्हणून मी आदल्या दिवशी तिला डबा देण्याच्या निमित्ताने दुकानात गेले, ती हात धुवायला गेलेली बघून खोलीत शिरले आणि उजव्या डोळ्याने पाहून सगळ्या ओळी पाठ करून आले. मुलांच्या कॉप्या पकडण्यात माझा हात कुणी धरत नसे, हेही इथे सांगून टाकते.

परीक्षेच्या दिवशी मालक कोपऱ्यात स्टुलावर बसले. मांडीवर फाइल, हातात पेन. धाकटीने माझ्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. उजवा डोळा व्यवस्थित पार पडला. ती विचारत होती, "विच वन इज क्लिअरर, फर्स्ट ऑर सेकंड?" आणि मी खरी उत्तरं देत होते. तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

मग तिने उजवा डोळा झाकला. मी पाठ केलेल्या ओळी शेवटपर्यंत घडाघडा म्हटल्या. मालकांनी मान डोलावली. पुढे मात्र काचा आल्या, आणि तुलना काही पाठ करता येत नाही. पहिल्या काचेतून धुकं, दुसरीतूनही धुकंच. मी ठरवलं, दर वेळी दुसरी चांगली म्हणायचं म्हणजे काम पुढे सरकेल. "सेकंड इज क्लिअरर," मी म्हणत गेले. "सेकंड. मच क्लिअरर."

धाकटी थांबली. मला वाटलं, शब्द विसरली. मी ओठांनी तिला सुचवायला लागले.

"नो," ती म्हणाली. "इट इज द सेम ग्लास. आय शोड यू द सेम ग्लास ट्वाइस."

ही या दुकानाची जुनी रीत होती. माणूस दर वेळी 'बरं आहे, बरं आहे' म्हणायला लागला की तीच काच दोनदा दाखवायची. माणूस बघून बोलतोय की आपलं मन राखायला बोलतोय, ते कळतं. ती मालकांसमोर माझ्यावर ही रीत चालवेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझं खोटं तिने चालवून घेतलं असतं, तर दोन मिनिटांत ती पास झाली असती.

"प्लीज टेल मी व्हॉट यू सी," ती म्हणाली. "वर्स इज ऑल्सो अ गुड आन्सर."

मालकांचं पेन थांबलं. मला कुठे तोंड लपवावं कळेना. आणि त्या फ्रेममध्ये तोंड लपवताही येत नव्हतं.

"वर्स," मी म्हणाले. "द लेफ्ट आय इज मच वर्स दॅन द राइट." स्वतःबद्दल हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला होता.

तिने छोटी बॅटरी माझ्या डोळ्यावर धरली, वाकून पाहिलं, आणि तिचं सगळं इंग्रजी पळालं.

"कधीपासून, ताई?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! आणि मी रोज बाहेरच्यांचे डोळे तपासत बसले होते!"

आपण हिची खोली घालवली, असं मला वाटलं. पण मालकांनी इंग्रजीत एवढंच विचारलं, काय सापडलं? धाकटीने बाहीने डोळे पुसले. "कॅटरॅक्ट, सर. नो ग्लास विल मेक इट बेटर. शी नीड्स अ डॉक्टर." तिने आपणहून चिठ्ठी लिहायला घेतली. मालकांनी फाइल बंद केली आणि आपल्या भाषेत म्हणाले, "काउंटरसाठी मी दुसरं कुणीतरी बघतो." माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या वेळी ती समोर स्टुलावर बसली होती, रजा टाकून. डॉक्टर बाजूला झाले आणि मला ती दिसली. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकले होते. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या, वाकून वाकून एक खांदा उतरलेला. उजव्या डोळ्याला हे सगळं केव्हाचं दिसत असणार. मी पाहिलं मात्र त्या दिवशी.