मड्डमला उणकलपर्यंतची मुभा

आमच्या हुबळीतल्या केशवापूरच्या घरामागच्या दोन खोल्यांत एक मड्डम राहायची. मूळची व्हिएन्नाची. नवरा रेल्वेत इंजिनिअर होता, तो तापाने गेला आणि ती इथेच राहिली. बायकांची पोलकी शिवून पोट भरायची. दुपारी तिचं मशीन सुरू झालं की मी तिच्या उंबऱ्याशी बसून पेंगायची. मराठी ती आमच्याकडून शिकली, कानडी भाजीवालीकडून. मग दोन्ही एकाच वाक्यात बोलायची, अगदी आमच्यासारखी.

इंग्रजांची जर्मनीशी लढाई लागली आणि तिला पोलिसांचं बोलावणं आलं. माझे वडील, अप्पा, कापडाचं दुकान काकांवर सोपवून तिच्याबरोबर गेले. हट्टाने मीही गेले.

"याव देश?" कारकुनाने देश विचारला.

"ऑस्ट्रिया."

"तो देश आता राहिला नाही, जर्मनीने गिळला. जर्मन लिहितो."

"अण्णा, त्या लोकांमुळेच तर मी परत गेले नाही."

कारकुनाने मान खाली घातली आणि जर्मन असंच लिहिलं. आठवड्याला हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हुबळी सोडायची नाही, असं बजावून त्याने तिच्या हाती फोटो चिकटवलेला दाखला दिला. टांग्यात ती बराच वेळ त्या फोटोकडे बघत होती, ओळखीचं कुणी आहे का ते पाहावं तशी.

माझं लग्न ठरलं ते धारवाडला, सासरच्या दारात. पोलकं अर्थातच तिने शिवलं. परवानगीसाठी अर्जही केला. उत्तर नकाराचं आलं. आई रडायलाच लागली. अप्पा मात्र पुन्हा चौकीत गेले.

"साहेब, हुबळीची हद्द कुठपर्यंत?"

"धारवाड रस्त्यावर उणकलच्या तळ्यापर्यंत."

"मग तळ्यापर्यंत तरी येऊ दे तिला."

साहेबांनी नकाराचा कागद बाजूला सारला. "येऊ दे. पण पलीकडे पाऊल नको."

लग्नाच्या दिवशी पहाटेच आमची मोटार निघाली, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी. उणकलपाशी तळं दिसतच नव्हतं, सगळं धुकंच. रस्ता, झाडं, पाणी एकच झालेलं. त्यात ती उभी होती, टांग्याने आधीच येऊन. अंगावर आईचं रेशमी लुगडं, तेही नीट नेसलेलं.

अप्पांनी मोटार थांबवली. मी मुंडावळ्या सावरत उतरले. आईने तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, एक मंगलाष्टक म्हटलं. आवाज धुक्यात विरघळून पाण्यावरून लांब गेल्यासारखा वाटला. तिने अक्षता टाकल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मी अर्थ विचारला नाही. मोटार हलली. मागे वळून पाहिलं तर आधी लुगड्याचा रंग दिसेनासा झाला, मग तीही.

मांडवात खऱ्या अक्षता पडल्या तेव्हाही मला वाटत होतं, लग्न तर मघाशीच झालं.

लढाई संपून निर्बंध उठल्यावर एका सकाळी ती धारवाडच्या आमच्या घरी आली. हातात फक्त छत्री.

"आज कुणालाच विचारलं नाही," ती म्हणाली.

कॉफी प्यायली, जेवली, आणि माझ्या मुलीला कुशीत घेऊन पडवीत झोपली. चारचा चहा होऊन गेला, सासूबाई दिवाबत्तीला उठल्या, तरी ती मंद घोरतच होती; तिला कुणी उठवलं नाही.