साबणाचं बूच

नवा लातूर जिल्हा झाल्याचे ढोल अजून कानात घुमत होते, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्याकडंच राहिला होता. रेणापूरच्या वाटेला, वळणालगत, बुद्धवाड्याची विहीर. अख्ख्या शिवारात तेवढा एकच झरा जिता. सरजाबाईचं खोपट विहिरीला लागूनच. झरा जणू आपल्याच पोटचा, असा तिचा थाट. पोहऱ्याला कुणी मळका हात लावला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

त्या वळणावर संगप्पाचा रॉकेलचा टँकर हटकून थांबायचा. टाकी जुनाट, खालची तोटी गळकी. "मावशी, साबणाचा तुकडा दे की!" साबण मळून फटीत कोंबला की गळती बंद. बाईकडं साबण असायचाच. झऱ्याचं पाणी पिण्यापुरतं; धुणं धुवायला होतं कुणाला!

"आरं मुडद्या, तोटी बदल की! हिरीत उतरलं म्हंजी?"

"मालकाला सांगून राहिलो, मावशी. त्यो म्हणतो, साबण सस्ता हाय."

शेवटी बाई लातूरच्या नव्या कचेरीत धडकली. साहेबांनी चहा पीत ऐकून घेतलं. "नियम कडक आहे, बाई. गळका टँकर रस्त्यावर आणायचाच नाही. पण हा नोंदलाय जुन्या जिल्ह्यात."

"आन् गळतोय कुठं?"

"आमच्याकडं. पण तपासायचा असतो टँकर, गळती नव्हे."

घ्या! बाई हात हलवत परतली.

आणि व्हायचं तेच झालं. वळणावर टँकर दगडाला घासला, साबणासकट तोटीच उखडली. रॉकेल उतारानं थेट विहिरीत. सरजाबाईनं माती लोटली, गोधड्या टाकल्या, शिव्या घातल्या; काही अडलं नाही. पाण्यावर रंगीत साय धरली. बाई काठावर बसून लेकरू गेल्यासारखी रडली.

मग मात्र सरकार धावलं. साहेब नाकाला रुमाल लावून विहिरीत डोकावले आणि चक्क खूश झाले. "बाई, इतके दिवस विहिरीला पाणी होतं म्हणून तुम्हाला टँकर देता येईना. आता बसलात नियमात!"

थोड्याच दिवसांत टँकर आला. ताजा निळा रंग, वर ठळक अक्षरं, 'पिण्याचे पाणी'. नवी तोटीही गळतच होती. खाली उतरला तो संगप्पा. मान खाली, हात सवयीनं पुढं.

"मावशी, साबण..."

"न्हाई देत. गळू दे." सरजाबाईनं तोटीखाली घागर लावली. घागर भरली तसा ओळखीचा वास आला. बाईनं नाक मुरडलं, पण पाणी ओतून दिलं नाही. घागर उचलली आणि घरात नेली.